‘ताई, हा फोन पूर्ण साफ करून द्या’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिडकोत आमचं मोबाईल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं लहानसं दुकान आहे. दुरुस्ती मिस्टर करतात, काउंटर मी सांभाळते. चौदा वर्षं झाली. डिस्प्ले फुटला, चार्जिंग होत नाही, बॅटरी फुगली, फोन बादलीत पडला, अशा तक्रारींत दिवस जातो. पण अलीकडे काही बायका चांगला चालू असलेला फोन घेऊन येतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत कव्हरं चाळत उभ्या राहतात. मग फोन माझ्याकडे सरकवतात आणि आवाज खाली घेऊन म्हणतात, ‘ताई, हा पूर्ण साफ करून द्या. आतलं सगळं उडवा.’

फोन मुलाच्या हातातला असतो. मुलगा दुसरीत, नाहीतर मुलगी चौथीत. काय झालं ते निम्म्या जणी सांगतच नाहीत. ज्या सांगतात त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा त्याच गोष्टी ऐकते. गेममध्ये कोणी ‘दादा’ भेटला आणि फोटो मागायला लागला. नको ते व्हिडिओ आले. वर्गातल्या पोरांनी कोणाचा तरी फोटो विचित्र करून ग्रुपवर फिरवला. खात्यातून पैसे गेले. मग घरी काय केलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. मारलं, फोन काढून घेतला, आणि आता तो साफ करायला आणलाय.

रिसेट मारायला दहा मिनिटं लागतात आणि आम्ही शंभर रुपये घेतो. कितीतरी फोन मी असे साफ करून दिले आहेत. आता मी देत नाही. का देत नाही ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी लेक तेव्हा तिसरीत होती. मिस्टरांचा जुना फोन तिला खेळायला दिला होता. त्यात सिम नव्हतं, घरच्या वायफायवर चालायचा. सिम नाही म्हणजे बाहेरचं कोणी तिच्यापर्यंत पोचणार नाही, असं आम्ही दोघंही समजत होतो. रोज शंभर फोन हाताळणारी माणसं असून समजत होतो. त्यावर ती घरं बांधायचा एक गेम खेळायची. मारामारी नाही, बंदुका नाहीत, म्हणून मला तो बराच वाटायचा. त्यात एकमेकांशी गप्पा मारता येतात हे मला ठाऊक होतं, पण तिसरीतल्या पोरीला इंग्रजी लिहिता कुठे येतंय, असं मी धरून चालले होते. पोरं मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि त्यांना ते कोणी शिकवावं लागत नाही.

एका रात्री अंथरुणं घालताना तिने विचारलं, ‘आई, आपला पत्ता कोणाला सांगितला तर तो माणूस खरंच घरी येतो का?’

मी उशीला अभ्रा घालत होते. हात तिथेच थांबला. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण माझी नणंद मुक्कामाला आलेली होती आणि पलीकडच्या खोलीत झोपली होती. तेवढ्याच कारणाने मी गप्प राहिले, याची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो. मी फक्त म्हटलं, ‘कोण विचारत होतं गं?’

पुढचा तासभर ती थोडं थोडं सांगत गेली. गेममध्ये एक ‘ताई’ भेटली होती. नाव मुलीचं, चित्र मुलीचं. दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी यायची, घर बांधायला मदत करायची, गेममधली नाणी द्यायची. मग शाळा कोणती, असं विचारलं. मग शाळा किती वाजता सुटते, न्यायला कोण येतं. मग म्हणाली की इथे नीट बोलता येत नाही, दुसरं एक गप्पांचं ॲप घे. लेकीने घेतलं. प्ले स्टोअर उघडंच होतं, तिथे तिला कोण अडवणार? त्या ॲपवर युनिफॉर्ममधला फोटो मागितला, तो तिने पाठवला. नंतर आंघोळ झाल्यावरचा फोटो पाठव, ही आपल्या दोघींची गंमत, आईला सांगायची नाही, असं आलं. तो मात्र तिने पाठवला नाही. कसंतरी वाटलं, म्हणाली. तेव्हा धमकी आली. तुझा फोटो माझ्याकडे आहे, शाळा माहीत आहे. घरचा पत्ता दे, नाहीतर तू अनोळखी लोकांना फोटो पाठवतेस हे तुझ्या आईला सांगेन.

आठ दिवस माझी लेक हे पोटात घेऊन शाळेत जात होती. डबा तसाच परत यायचा. पोट दुखतं म्हणायची आणि मी तिला ओवा देत होते.

लगेच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘तूच म्हणाली होतीस ना, परत मोबाईलची कटकट झाली तर फोडून टाकीन.’ म्हणाले होते. जेवताना व्हिडिओ बघत होती म्हणून म्हणाले होते, आणि पोळी लाटता लाटता विसरूनही गेले होते. त्या माणसाकडे, बाई असेल नाहीतर बुवा, माझ्या लेकीला घाबरवायला दुसरं काहीही नव्हतं. मी किती रागावेन हे त्याला तिच्याकडूनच कळलं होतं आणि त्याने तेच वापरलं.

संपादक महोदय, दुकानात येणाऱ्या बायकांना आता मी आधी हेच विचारते: पोराने स्वतः सांगितलं की तुम्ही पकडलंत? बहुतेक वेळा पकडलेलं असतं. पकडलेलं पोर अर्धंच सांगतं, उरलेलं लपवतं, आणि लपवलेलं आपल्याला माहीत नाही हे समोरच्या माणसालाही ठाऊक असतं. आमच्या घरात त्या रात्री मी लेकीला शब्द दिला की फोनवर काहीही झालं, तुझी चूक असली तरी, तू येऊन सांगितलंस तर मार नाही आणि फोनही जाणार नाही. शब्द देऊन भागत नाही, पोरं पारखून बघतात. दोनेक महिन्यांनी तिने माझ्या फोनवरून एका गेमसाठी एकोणनव्वद रुपये घालवले आणि संध्याकाळी येऊन सांगितलं. मला राग आला होता. मी एवढंच म्हटलं की बरं झालं सांगितलंस, आणि दोघींनी मिळून ते पैसे परत कसे मागायचे ते बघितलं. (प्ले स्टोअरवर झालेली अशी खरेदी ४८ तासांच्या आत गुगलकडेच परत मागता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.) त्या दिवशी मी ओरडले असते तर पुढचं काहीच माझ्यापर्यंत आलं नसतं.

आता रिसेटबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, उडवून टाकतो. दुकानदाराचा हात, सवयीने तिकडेच गेला. माझा मावसभाऊ वकिली करतो. त्याला फोन लावला होता म्हणून वाचलो. तो म्हणाला, एक अक्षरही पुसू नका. फोन साफ केला की त्या माणसाने काय लिहिलं, कोणत्या नावाने लिहिलं, कधी लिहिलं, हे सगळं तुमच्या हातून जातं, आणि त्याचं मात्र काहीच जात नाही. तो उद्या दुसऱ्या पोरीला गाठतो.

म्हणून कोणी असा फोन घेऊन आलं तर मी काउंटरवर बसून आधी स्क्रीनशॉट काढायला लावते. चॅट वरपासून खालपर्यंत, तारीख आणि वेळ दिसेल असं. समोरच्याच्या प्रोफाईलचं पान, त्याचं नाव, आयडी, नंबर असेल तर नंबर, लिंक असेल तर लिंक. हे झाल्यावर ब्लॉक आणि रिपोर्ट. आधी ब्लॉक केलं तर पुष्कळ ठिकाणी प्रोफाईल पुन्हा उघडताच येत नाही. समोरच्याला उलट शिव्या देत बसू नये आणि ‘आम्ही पोलिसांत चाललोय’ असंही लिहू नये, तो खातंच बंद करून पळतो. पैसे मागितले तर एक रुपयाही द्यायचा नाही. एक गोष्ट फार जपून करायची. मुलाचा स्वतःचा तसला फोटो असेल तर तो आपल्या फोनवर घेऊ नका, नातेवाइकांना, शाळेच्या बाईंना ‘बघा काय झालं’ म्हणून पुढे पाठवू नका. लहान मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हा कोणीही केला तरी गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी ते अंगाशी येऊ शकतं. तो फोन तसाच बंद करून कपाटात ठेवावा आणि पोलिसांकडे न्यावा. अठरा वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो इंटरनेटवर पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सोय आहे. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक आकडेरूपी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा कंपन्यांकडे जातो.

पोलिसांचं नाव काढलं की बायका मागे सरतात. पोरीचं नाव होईल, असं म्हणतात. मीही म्हणाले होते. आम्ही शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात गेलो तेव्हा मिस्टर तीनदा गाडी वळवायचं म्हणाले. प्रत्यक्षात माझ्या लेकीला ठाण्याची पायरीही चढावी लागली नाही. साध्या कपड्यांतल्या एक मॅडम घरी आल्या, तिच्या पलंगावर बसून बोलल्या, मी शेजारी होते. ही काही मेहेरबानी नव्हती. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, तसं लिहिलेलंच आहे: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर गणवेश नसावा, रात्री मुलाला ठाण्यात ठेवू नये. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो वर्तमानपत्रात येऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. वाईट हेतूने मुलाच्या मागे ऑनलाइन लागणं पोक्सोत बसतं, आणि मुलाला फूस लावून तसल्या ओळखीत ओढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. प्रत्यक्ष हात लावलेला नाही म्हणून गुन्हाच झाला नाही, असं एक शिकलेले गृहस्थ मला दुकानात सांगत होते. ते खरं नाही. आमच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते इथे लिहिणं योग्य नाही, काम चालू आहे.

ठाण्यात जायला पाय उचलत नसतील तर घरबसल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे, आणि त्यात नाव न देताही कळवता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास फुकट आहे, मूल स्वतःसुद्धा त्यावर बोलू शकतं. जीवाला लगेच धोका असेल तर ११२. पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच मिनिटाला फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. संध्याकाळी मिस्टर कामावरून आले की बघू, असं इथे चालत नाही.

दुकानदार म्हणून आमच्या हातून झालेली एक चूकही मला सांगायची आहे. नवीन फोन घेतला की गिऱ्हाईक म्हणतं, चालू करून द्या. मग आम्हीच ईमेल काढतो. जन्मतारीख विचारली की गिऱ्हाईक घाईत असतं, आम्हीही घाईत असतो, ‘टाका काहीही’ म्हणून १९९० की १९८८ टाकून मोकळे. फोन पुढे पोराच्या हातात जाणार आहे हे माहीत असून टाकतो. मग त्या फोनला वाटतं की हा पस्तीस वर्षांचा माणूस आहे. व्हिडिओ तसे येतात, जाहिराती तशा येतात, गेममध्ये मोठ्यांशी गप्पा मारायची मोकळीक मिळते. व्हॉट्सॲपला किमान वय तेरा लागतं, इन्स्टाग्रामला तेरा लागतं. पण खरं वयच सांगितलं नाही तर ती अट कोणाला लागू होणार? आमच्या दुकानात आता फोन मुलासाठी आहे का हे आधी विचारतो. असेल तर मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं खातं काढतो आणि गुगलच्या फॅमिली लिंकने ते आईच्या किंवा वडिलांच्या फोनला जोडतो. फुकट आहे. कोणतंही ॲप घ्यायचं झालं की विचारणा आईच्या फोनवर येते, रात्री ठरलेल्या वेळी फोन आपोआप बंद होतो. माझ्या लेकीच्या फोनवर हे असतं तर ते गप्पांचं ॲप आलंच नसतं. जोडायला वीस मिनिटं लागतात, गिऱ्हाईक कुरकुरतं, आम्ही तरीही करतो.

आई-बापांचा जुना फोन पोराला देण्याची पद्धत तर घरोघरी आहे, आणि त्यात सगळं जुनं तसंच असतं. आईचा ईमेल, वडिलांचं यूट्यूब, सगळ्या नातेवाइकांचे नंबर, गॅलरीतले फोटो, कार्डाची माहिती. तो देण्याआधी मात्र साफ करून घ्या, ते रिसेट मी आनंदाने करते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला लावा. यूट्यूबऐवजी लहानांसाठीचं यूट्यूब किड्स द्या, आणि एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागतात तेही बंद करा. पोरं नको तिथे जातात ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओला, पहिला आपणच लावून दिलेला असतो. व्हॉट्सॲप आईचंच असेल आणि पोर ते बघत असेल तर ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, प्रोफाईल फोटो कोणाला दिसतो, हे ‘माझे संपर्क’ यावर आणून ठेवा, आणि अनोळखी नंबरचे कॉल वाजू देऊ नका. दोन मिनिटं आपला फोन पोराच्या हाती द्यायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये एकच ॲप पडद्यावर पिन करून ठेवायची सोय असते, पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आमच्या दुकानात हे दाखवलं की बायका थक्क होतात. फोनमध्ये आधीपासूनच होतं.

यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. हे वाचून कोणी म्हणेल, कोण सांगतं? सगळेच सांगतात. दही आणायला, खारी आणायला पोराला फोन देऊन पाठवतात आणि जिन्यावरून ओरडून पिन सांगतात, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातो. एका गिऱ्हाईकाचा मुलगा दुपारी झोपलेल्या वडिलांचा अंगठा फोनला लावून गेममधले हिरे विकत घेत होता, चौथीतला. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली ते चांगलं झालं, पण हिरे, नाणी, कपडे विकणारे हे गेम त्यात येत नाहीत, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक विषय, ज्यावर माझं शेजारपाजारी भांडण झालेलं आहे. जून महिन्यात शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला पोरांचे फोटो येतात. नवा युनिफॉर्म, मागे शाळेची पाटी, गळ्यात ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर पोराचं नाव, इयत्ता, तुकडी, पत्ता, वडिलांचा नंबर आणि रक्तगटसुद्धा असतो. फोटो मोठा करून बघा, सगळं वाचता येतं. वाढदिवसाला डिजिटल बॅनर फिरतात, चि. अमुक तमुक, वय वर्षे सात, आणि खाली शुभेच्छुकांमध्ये गल्लीचं नाव. व्हॅनमध्ये बसताना व्हिडिओ, त्यात व्हॅनचा नंबर. माझ्या लेकीकडून जे काढायला त्या ‘ताई’ला तीन आठवडे लागले, ते आपण एका फोटोत देतो. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही, माझ्याही फोनमध्ये हजार आहेत. ओळखपत्र काढून, पाटी सोडून काढा, आणि घरच्या माणसांपुरते ठेवा. शाळांनीही आपल्या फेसबुक पानावर बक्षीस समारंभाचे फोटो टाकताना पोरांची पूर्ण नावं खाली छापू नयेत.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की एवढ्या लहान पोरांच्या हातात फोन द्यायचाच कशाला. दुकानात बसून मी तसं म्हणू शकत नाही. आमच्याकडे येणारे बरेचसे आई-बाप अंबडला, सातपूरला कंपनीत आहेत. वडील शिफ्टला, आई पापड-शिलाईच्या कामाला किंवा तीही कंपनीत. सकाळची शाळा सुटून पोर घरी येतं, किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि आई पाचपर्यंत येणार नाही. पोर घरी पोचलं हे तिला कळणार कसं? गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येतो. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते फोनशिवाय उघडत नाहीत. लॉकडाऊनमध्ये शाळाच फोनवर भरली, कितीतरी घरांत पहिला स्मार्टफोन त्याच वर्षी, हप्त्याने, आमच्यासारख्यांच्या दुकानातून गेला. त्या वेळी फोन विकत द्यायला आम्ही होतो, शाळा होत्या. तो पोराच्या हातात कसा द्यायचा हे दाखवायला कोणीच नव्हतं. बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा. बरोबरच आहे. पण आम्ही आया त्या तासांवरूनच भांडत बसतो. माझी लेक दिवसाला तासभरच खेळत होती. त्या तासात तिच्याशी कोण बोलतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून शाळांकडे मागणं आहे. जूनमध्ये प्रत्येक प्राथमिक शाळेत पालकसभा होते. फी, युनिफॉर्म, व्हॅन, स्नेहसंमेलन यावर दीड तास बोलणं होतं. त्यातला एक तास द्या. भाषण नको, पडद्यावर इंग्रजी चित्रं नकोत. पालकांनी आपापला फोन हातात घ्यायचा आणि मराठीतून एकेक सेटिंग तिथेच बसून करायची. बापांनाही बोलवा, कारण फोन घेऊन देतात ते आणि शाळेत येतो आम्ही. मनपाच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात बहुसंख्य सदस्य पालकच असतात, त्यांनी हा विषय लावून धरावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ पासून शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. आपल्या शाळेत तिच्यावर कोण आहे, हे पालकांनी जाऊन विचारावं. आणि मुलांशी बोलताना त्यांना घाबरवू नये. ‘तुला कोणी फोटो मागितला, गंमत लपवायला सांगितली, तर बाईंना किंवा घरी सांग, तुझी काही चूक नसते,’ एवढं वर्गात महिन्यातून एकदा म्हटलं तरी पुरे. आपण चुकलो नाही, हे माझ्या लेकीला पटायला दिवाळी उजाडली.

लेकीच्या वर्गशिक्षिकांना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या वर्गाच्या सभेत मला अर्धा तास दिला. तेवीस आया आणि चार बाबा आले होते. चौदा फोनवर प्ले स्टोअरला खरेदीची पडताळणी बंद होती, ती तिथल्या तिथे चालू केली. सभा संपल्यावर दोघी जणी मागे थांबल्या. दोघींनाही वेगवेगळं काही सांगायचं होतं, आणि दोघींनीही आधी दार लावून घेतलं.

आता आपल्याकडे एक विनंती. आपल्या अंकात गंगापूर धरणात किती पाणी आहे ते येतं, लासलगावचे कांद्याचे भाव येतात, आणि सकाळी चहाबरोबर घरोघरी ते वाचलं जातं. त्याच पानावर, रोज त्याच जागी, दोन ओळींची चौकट द्यावी: मुलांसाठी १०९८, पैसे गेल्यास १९३०, आणि तिसरं ‘फोन साफ करू नका’. आमच्या दुकानात आपला अंक काउंटरवरच असतो. फोन माझ्याकडे सरकवणाऱ्या बाईला मी ती चौकट बोटाने दाखवू शकेन.

आपली,
एक दुकानदार आई,
सिडको, नाशिक

(नाव आणि दुकानाचा पत्ता आपल्यापाशी दिला आहे. लेकीची ओळख उघड होऊ नये म्हणून दोन्ही छापू नयेत.)